साडीच्या पिशव्यांतले दुधी

विश्रामबागेतल्या एका आतल्या गल्लीत रामगोंडा पाटलांचं घर आहे, आणि त्या घराच्या गच्चीवर यंदा फाल्गुनात दुधी भोपळे साड्या नेसून लोंबत होते. थट्टा नव्हे, खरंच. कोवळा दुधी बोटाएवढा झाला की त्याला जुन्या सुती साडीची नाडीवाली पिशवी चढायची. एक निळ्या बुट्ट्यांची, एक अबोली, दोन हिरव्या चौकड्यांच्या. वारा सुटला की मांडवाखाली सगळ्या हळूहळू डोलायच्या. खाली खुर्चीत बसलेल्या रामगोंडांना वाटायचं, घरात पुष्कळ बायकामाणसं आलीत आणि हळू आवाजात काहीबाही बोलताहेत. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागायचा.

रामगोंडांना सगळे आण्णा म्हणतात. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डाच्या अंगाला शेतीच्या औषधांचं दुकान चालवलं. औषधं माणसांची नव्हेत, किडी मारायची. शेतकरी खिशातून रोगट पान काढून काउंटरवर ठेवायचा. आण्णा ते उलटं करून बघायचे आणि मान न वळवता हात मागं नेऊन नेमकी बाटली काढायचे. "सकाळच्या पारी मार. वाऱ्याकडं तोंड करू नगंस." द्राक्षवाले, ऊसवाले, मिरचीवाले, सगळे त्यांचं ऐकायचे. एवढं जहर विकून माणूस झोपायचा मात्र शांत. टोचणी अगदीच नव्हती असं नाही. जैनाच्या पोटी जन्मलेला माणूस. अष्टमी-चतुर्दशीला दुकान बंद, पर्युषणाचे दहा दिवस दाराला कुलूप. बाकीचे दिवस धंद्याचे. किडींनीही तेवढं समजून घ्यावं, असा एकूण कारभार होता.

आणि घरी होती चंदनबाला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं सांगून टाकलं होतं की दुकानातली बाटली जिना चढून वर येणार नाही. गच्ची तिची. रंगाचे रिकामे ड्रम, तेलाचे डबे, बूड गेलेल्या बादल्या. त्यांत दोडका, दुधी, तोंडली, घेवडा, कठड्याच्या कडेनं गवती चहा, पुदिना, ओवा. तिच्या हातात मोरपिसांची एक जुडी असायची. माहेरच्या, कवठे महांकाळकडच्या माळावर मोर फार, तिथून वेचून आणलेली. मावा दिसला की ती पिसांनी अलगद झाडून सुपात घ्यायची. अळी दिसली की पानासकट उचलायची आणि पूर्वेच्या कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत नेऊन सोडायची. त्या कुंडीत मोहरी, राजगिरा, घोळ, काय उगवेल ते उगवायचं आणि घरातलं कुणी त्याला हात लावायचं नाही. ते किडींचं. गल्लीत त्या कुंडीला 'पाटलीणबाईंची पांजरपोळ' असं नाव पडलं होतं.

"अगं, तू हितनं उचलून तिथं ठेवतीस, आन् उद्या त्याच अळ्या चालत परत येत्यात," आण्णा म्हणायचे.

"येऊ द्यात की. परत ठेवीन."

"आयुष्य जाईल असं."

"जाऊ दे. दुसरं काय करायचंय त्याचं?"

यावर आण्णांच्या दुकानात बाटली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची वेळ, कोवळं ऊन, दोडक्याच्या पानाखाली हात घालून चंदनबाला उभी होती. हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "मी जाऊ का?"

कुठं, हे आण्णांनी विचारलं नाही. हे कधीतरी येणार हे दोघांनाही ठाऊक होतं. पाच-सहा वर्षं एकेक गोष्ट तिच्या हातून सुटत चालली होती. आधी रात्रीचं पाणी सुटलं, मग तूप आणि साखर, मग मीठ, मग रंगीत साड्या. आण्णांनी काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"झाडांचं काय?"

"झाडांचं तुमी बघा," ती म्हणाली.

एवढंच. शेहेचाळीस वर्षांचा संसार दोडक्याच्या वेलापाशी संपला, आणि तोही असा, चार शब्दांत. हे आण्णांना फार दिवस लागून राहिलं.

तिनं दीक्षा घेतली. भरल्या मंडपात स्वतःच्या हातानं केस उपटले, पांढरी साडी नेसली, नवं नाव घेतलं आणि आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, होऊन संघाबरोबर अनवाणी चालत निघून गेली. आता ती कुणाची बायको नव्हती. आण्णांनीसुद्धा जमिनीला डोकं टेकून 'वंदामि, माताजी' म्हणायचं. ते म्हणाले. लोकांच्या देखत अगदी खणखणीत म्हणाले. घरी येऊन गच्चीवर गेले आणि ड्रमाड्रमाला पाणी घालत रडले. इथून पुढं आपणही त्यांना माताजीच म्हणू.

मग चाळीस वर्षं जहर विकलेला हात मोरपिसं धरायला शिकला. सुरुवातीला हसं झालं. आण्णा भिंग लावून एकेका पानाशी तासभर बसायचे, मावा झाडताना निम्मा स्वतःच्या सदऱ्यावर घ्यायचे आणि मग सदरा अंगातून काढायचा कसा, या विचारात तसेच हात पसरून उभे राहायचे. शेजारच्या गच्चीवर अंबूबाई असायची. तिचा मुलगा फौजेत, सून त्याच्याबरोबर पठाणकोटला, आणि ही इथं थर्माकोलच्या खोक्यांत मेथी-कोथिंबीर लावून कठड्यावरून साऱ्या गल्लीवर नजर ठेवून.

"आवं आण्णा," ती ओरडायची, "त्या किड्यांस्नी नावं ठिवलीसा का न्हाई अजून?"

"ठेवली की. ह्यातल्या एकीचं नाव अंबू हाय. लय बडबडती."

दुसऱ्या वर्षापासून हात हलका झाला. गच्चीवरचा वेळ कसा जातो ते आण्णांना कळेनासं झालं. सकाळी नदीकडून धुकट हवा यायची, तिच्यात ओव्याचा वास मिसळायचा. कुठं मधमाशीची गुणगुण, कुठं पाण्याचा थेंब पत्र्यावर. संध्याकाळी दुधीची पांढरी फुलं उघडायची. दिवसभर मिटून बसलेलं फूल दिवेलागणीला हळूच उमलतं आणि मग पतंग येतात, राखाडी, मऊ, आवाज न करणारे. आण्णा ते बघत बसायचे. कधी मोठ्यानं बोलायचे, "बघितलंस का, आज अकरा आले," आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून अंबूबाईच्या कठड्याकडं बघायचे.

यंदा संक्रांत झाल्यावर सुनेनं, प्रीतीनं, मोबाइल पुढं धरला. संघाच्या विहाराची, म्हणजे पायी प्रवासाची, माहिती देणारा एक ग्रुप आहे, त्यावर रोज मुक्कामाचं गाव येतं. "आण्णा, संघ पुण्याकडनं निघालाय. महावीर जयंतीला सांगलीत येणार. आपल्या विश्रामबागेच्या मंदिरात तीन दिवस."

तेव्हापासून आण्णांना संध्याकाळच्या जेवणापेक्षा त्या गावाच्या नावाची भूक. शिरवळ. वाईला दोन दिवस. वाईचं नाव आलं त्या दिवशी ते ड्रमाला पाणी घालता घालता थांबले. माताजी आज कृष्णेच्या काठानं चालल्या असतील, पहाटेच्या पाण्याला हात लागला नसेल पण सावली पडली असेल. तेच पाणी वळणं घेत घेत इकडं येणार, आपल्या नळाला येणार, आणि दुधीच्या मुळाशी जाणार. नदीला किती दिवस लागतात आणि माणसाला किती, याचा विचार करत ते उभे राहिले आणि ड्रम भरून पाणी गच्चीभर वाहून गेलं.

आर्यिका दिवसातून एकदाच जेवतात, तेही कुणी सोवळ्यात रांधून दारात उभं राहून विनवलं तर. संघाबरोबर असलेल्या ताईंना प्रीतीनं फोन करून विचारलं की माताजींना काय चालतं. मीठ नाही, तूप नाही, गोड नाही, पालेभाजी नाही. मुगाची डाळ चालते, भात चालतो.

"आणि दुधी चालतो," प्रीती फोन ठेवून म्हणाली.

आण्णा उठले. जिना चढून वर गेले. त्यांना आता जगात एकच गोष्ट हवी होती. या गच्चीवरचा, एकही जीव न मारता वाढवलेला दुधी माताजींच्या ओंजळीत पडावा. 'झाडांचं तुमी बघा' म्हणाला होतात ना? बघितलं बघा. हे तोंडानं सांगायची सोय नव्हती. दुधीनंच सांगायचं होतं.

पण दुधीला फळमाशी असते. एवढीशी, तांबूस, दिसायला गरीब. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. वरून दुधी चांगला दिसतो आणि चिरला की आत अळ्या वळवळत असतात. आर्यिकांच्या ओंजळीत अन्नाबरोबर मेलेला किडा आला तर तिथंच जेवण थांबतं. तो अंतराय. मग पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी. म्हणजे आण्णांच्या हातून एक अळी सुटली तर माताजींचा दिवस उपाशी. दुकानात यावर सापळे मिळायचे, माशी वासानं आत जाते आणि बुडून मरते. आण्णांनीच शेकड्यांनी विकले होते. आता उपाय एकच, माशीला फळ दिसू द्यायचं नाही.

त्यांनी कपाट उघडलं. चंदनबालेच्या साड्या तीन वर्षं घडी न मोडता होत्या. आण्णांनी निळ्या बुट्ट्यांची साडी बाहेर काढली, मांडीवर पसरली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत बसले. मग कात्री घेतली. प्रीती दारात येऊन "आण्णा!" म्हणाली आणि मशीनपाशी जाऊन बसली. दोघांनी मिळून त्या दुपारी चौदा पिशव्या शिवल्या.

पहिल्या बहराचे सात दुधी माशीनं आधीच नासवले होते. पिशवीतले पाच मात्र वाढीला लागले. आण्णांची झोप सुधारली. दुपारी मांडवाखाली बसलं की पिशव्या डोलायच्या आणि कधी निळीतून तर कधी अबोलीतून चंदनबाला बोलायची. काही विशेष नाही. दूध उतू गेलं, दार लावा, असलं.

होळी झाली आणि वेलावर मावा आला. दर साली येतो, पण यंदा असा आला की पानाखालचं हिरवं दिसेना. आण्णा झाडायचे, कुंडीत नेऊन सोडायचे, परत यायचे तो मागं तितकाच. पाठोपाठ तांबडे भुंगे आले. पानांची चाळण झाली. शेंडे वाटीसारखे आत वळले, पिशवीतले दुधी वाढायचे थांबले. आण्णांनी कडुनिंबाचा वास दिला, पानं ओल्या फडक्यानं पुसली, भुंगे पहाटे गारठलेले असताना एकेक करून उचलले. पांजरपोळ काठोकाठ भरली आणि वेल सुकत चालला. ग्रुपवर गाव आलं, कराड.

आण्णांना बाटलीचं नाव ठाऊक होतं. त्यात काय अवघड? पान बघितल्या क्षणीच हात मागं गेला होता, फक्त मागं दुकान नव्हतं.

ती दुपार त्यांना पुढं नीट आठवायची नाही. ऊन होतं, डोळ्यांवर झापड होती, वेलाची पानं गळून खुर्चीभोवती पडली होती. आपण जिना उतरतोय असं त्यांना दिसलं. जिन्याखालच्या कपाटात त्यांच्या मुलानं, अतिशयनं, दुकानातल्या चार-दोन उरल्यासुरल्या बाटल्या ठेवल्या होत्या. आता दुकान तोच बघतो. एका बाटलीवर पिवळा त्रिकोण, जहाल विषाची खूण. आण्णांनी झाकणात माप घेतलं, एक थेंब सांडला नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा दुकानातली बाटली जिना चढून वर आली. गवती चहावर पाणी मारायचा छोटा फवारा होता, त्यानं त्यांनी पानांच्या खालून, वरून, शेंड्याला, दुकानात हजारांना शिकवलं होतं तसंच, वाऱ्याकडं पाठ करून मारलं. मग हात साबणानं दोनदा धुतले आणि खुर्चीत बसले. पिशव्या डोलत होत्या, पण त्यांतून कुणी बोललं नाही.

संध्याकाळी फरशीवर सगळं मरून पडलेलं होतं. भुंगे उताणे, मावा रांगोळीच्या पिठासारखा, दोन मधमाश्या, एक कातीण. आण्णांनी सवयीनं मोरपिसं हातात घेतली आणि मेलेले जीव सुपात भरायला लागले. भरता भरता त्यांचा हात थांबला. पिसं खाली ठेवून त्यांनी केरसुणी आणली. दिवेलागणीला दुधीची फुलं उमलली. पतंग आला नाही.

आठ दिवसांत वेलानं अंग धरलं. पानं तुकतुकीत, शेंडे वर. बाटलीवर लिहिलं होतं की फवारल्यावर सात दिवस भाजी काढू नये. संघ यायला अजून बारा होते. म्हणजे भाजी खायला निर्धोक होती, अगदी लेकराला द्यावी इतकी. आण्णा स्वतःला हे रोज सांगायचे. ज्या अर्थी रोज सांगावं लागत होतं, त्या अर्थी पटत नव्हतं.

"आण्णा, येल लय झोकात हाय की वो!" अंबूबाई कठड्यावरून वाकली. "काय मारलंसा?"

"ताक," आण्णा म्हणाले.

"नुसतं ताक?"

"आंबट."

दुसऱ्या दिवसापासून अंबूबाईनं मेथीवर ताक शिंपडायला सुरुवात केली. तिची मेथी कुजली, गच्चीभर मुंग्या झाल्या आणि तिनं आण्णांना पुष्कळ नावं ठेवली. आण्णांनी मुकाट ऐकून घेतली. आपण ताकापायी नावं ठेवतोय, एवढंच तिला वाटत होतं.

आष्टा. मग सांगली.

संघ गावात आला तेव्हा आण्णा गर्दीत मागं उभे राहिले. माताजी बारीक झाल्या होत्या, पायांना भेगा होत्या, चेहरा उन्हानं रापला होता. नजर चार हातांपुढं, जमिनीवर. पायाखाली काही येऊ नये म्हणून असते तशी. आण्णांना जवळ जाववलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सोवळ्याचा स्वयंपाक होता. प्रीतीनं पहाटे न्हाऊन, धुतल्या साडीनं, गाळलेल्या पाण्यात मूग शिजवला, भात केला. आण्णांनी वरून दुधी आणले. निळी पिशवी सोडली, अबोली सोडली. हिरवेगार, लांबसडक, नितळ.

प्रीतीनं चिरला आणि हरखून ओरडली, "आण्णा, एक डाग न्हाई! अळी न्हाई, काय न्हाई! कसा जपलासा हो तुमी!"

आण्णा म्हणाले, "वेगळ्या भांड्यात कर." का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

साडेनऊला गल्लीतल्या सगळ्या जैन घरांपुढं माणसं उभी राहिली. याला पडगाहन म्हणतात. आर्यिका मंदिरातून निघतात त्या मनात काहीतरी खूण धरून. दारात कलश घेतलेलं जोडपं दिसलं तर, नारळ दिसला तर, अमुक रंगाचं फळ दिसलं तर. काय धरलंय ते कुणाला सांगत नाहीत. खूण जुळली तर त्या दारी थांबतात, कुठंच जुळली नाही तर परत जातात आणि त्या दिवशी उपास. म्हणून लोक हाताला लागेल ते घेऊन उभे राहतात. समोरचे एकजण तर डाळिंब, नारळ आणि लवंगा असं सगळंच घेऊन उभे होते. अतिशयच्या हातात नारळ होता, प्रीतीच्या हातात कलश. आण्णांनी कितीतरी दिवसांपासून ठरवलं होतं की आपण साडीच्या पिशवीतला अख्खा दुधी घेऊन उभं राहायचं. खूण तीच असणार, अशी त्यांना स्वप्नं पडली होती. आता ते रिकाम्या हातांनी उभे होते.

त्या येऊ नयेत असं त्यांना वाटत होतं. आणि त्या येऊ नयेत असं वाटतंय याचं रडू येत होतं.

माताजी गल्लीत शिरल्या. उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, डाव्या हातात पिंछी, साध्वींजवळ असते ती मोरपिसांची जुडी. दोन्ही बाजूंनी लोक विनवू लागले. पहिलं घर गेलं. डाळिंबवाले गेले. आण्णांच्या दारासमोर पांढरी साडी थांबली.

प्रीतीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिघांनी माताजींना तीन प्रदक्षिणा घातल्या. आता घरातल्या कर्त्यानं बोलायचं. शब्द ठरलेले असतात, लहानपणापासून पाठ असतात. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार आणि जल शुद्ध आहे, घरात प्रवेश करावा. हे ऐकल्याशिवाय पाऊल आत पडत नाही.

"वंदामि, माताजी," आण्णा म्हणाले. "मनशुद्धी. वचनशुद्धी."

वचनशुद्धी म्हणून झालं आणि आण्णांची जीभ अडली. आता पुढचं खोटं बोललं की मागचंही खोटं. अतिशयनं त्यांना कोपरानं हळूच ढोसलं. त्याला वाटलं म्हातारा विसरला.

"जल शुद्ध हाय," आण्णा म्हणाले. "मूग शुद्ध हाय, भात शुद्ध हाय. दुधी न्हाई. माताजी, दुधीवर मी औषध मारलं. वरचं सगळं मारलं मी. लय जीव मेले. दुधी बाजूला हाय, त्याला हात लावणार न्हाई. पर मारलं मीच, ह्या हातानं. आता काया शुद्ध म्हणवत न्हाई मला."

वरच्या कठड्यावर अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. अतिशयनं मान खाली घातली. तेव्हा कुठं आण्णांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. या बाई आष्ट्याहून अनवाणी चालत आल्यात. इथून परत फिरल्या तर आज पाणी नाही, या उन्हात. आपलं ओझं उतरवायला आपण त्यांच्या पोटावर पाय दिला. गप्प बसलो असतो तर त्या जेवल्या असत्या. आण्णांना ब्रह्मांड आठवलं.

माताजी उभ्या होत्या. नजर जमिनीवर, आण्णांच्या पायांपाशी. मंदिरातून त्यांनी मनात कोणती खूण धरली होती हे कुणाला कळलं नाही, कळायचंही नसतं. मग त्यांनी पिंछीनं उंबरा हळूच झाडला आणि आत पाऊल टाकलं.

पाय धुताना, पाट मांडताना आण्णा यंत्रासारखे वागत होते. माताजी बसल्या, ओंजळ पुढं केली. पहिलं पाणी आण्णांनी घातलं. तीन वर्षांत त्या हातांत काही घालायची ही पहिली वेळ. हाताला हात लागू द्यायचा नसतो, म्हणून त्यांनी तांब्या दोन बोटं वर धरला. मग मुगाचं अळणी वरण, मग भात. माताजी प्रत्येक घास अंगठ्यानं चाचपून बघत होत्या आणि मग तोंडात घालत होत्या. कुठंही अंतराय आला नाही. दुधीचं भांडं कोपऱ्यात झाकलेलं होतं. आण्णांनी मनाशी ठरवलं, आज संध्याकाळी वेल मुळासकट उपटायचा, ड्रम पालथा घालायचा आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

जेवण झालं. माताजी उठल्या. जेवतानाचं मौन सुटल्यावर त्या घरच्यांना आशीर्वाद देतात. प्रीतीला दिला, अतिशयला दिला. आण्णा जमिनीवर डोकं टेकून राहिले, वर बघायचं धाडस होईना.

"वेल उपटू नका," वरून आवाज आला. अगदी जिन्यातून हाक मारल्यासारखा, घरातला. "त्याचं काय चुकलंय?"

आण्णांनी मान वर केली तोवर पांढरी साडी दाराबाहेर गेली होती. अनवाणी पावलं चार हात पुढचं बघत गल्लीच्या वळणाकडं चालली होती. आण्णा उंबऱ्यातच बसले आणि सगळ्यांच्या देखत पोटभर रडले. प्रीतीनं त्यांना उठवलं नाही.